खळ लावलेली टेकडी

आमच्या घरात हिवाळा माणसांच्या आधी सुताला कळायचा. खाप्याला विणकरांची एक लांब बोळ होती, तिच्यात आमचं घर. पुढच्या खोलीत जमिनीत कमरेएवढे दोन खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यावर एक माग. एका खड्ड्यात बा बसायचा, दुसऱ्यात माझा मोठा भाऊ दौलत. पाय खड्ड्यात, पायाखाली दोन पावड्या. डावी दाबली की अर्धे धागे वर, उजवी दाबली की उरलेले अर्धे वर, आणि मधल्या फटीतून धोटा इकडून तिकडे. खट्-खटाक, खट्-खटाक. मी त्या आवाजातच जन्मलो, म्हणून आवाज चालू असला की झोप लागायची आणि थांबला की जाग यायची. कोजागिरी झाली की बा उजाडायला उठून ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतावरून बोटं फिरवायचा. सूत ओलसर, मऊ लागलं की म्हणायचा, "आली बाप्पा थंडी." कोरडं लागलं तर काहीच म्हणायचा नाही, पण त्या दिवशी त्याच्यासमोर उभं राहायची कोणाची टाप नव्हती. कोरड्या हवेत धागा तुटतो. तुटला की माग थांबवा, गाठ मारा, पुन्हा चालवा. शंभर गाठींचं लुगडं बाईमाणूस हातात घेऊन परत ठेवते.

सुताला खळ पाजायची आमची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तांदळाची कणी रटरटा शिजवून तिची पेज करायची, त्यात थोडं जवसाचं तेल, ती झाली खळ. थंडीतल्या सकाळी बोळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या घोड्यांवर ताणा ताणायचा आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी मोठ्या कुंच्यानं खळ मारत चालायचं. धागा गुळगुळीत होतो, बळकट होतो. पण ही खळ सावलीत वाळली पाहिजे, हळूहळू. सूर्य घरांच्या वर आला की बा ओरडायचा, "उचला, उचला! खळीवर ऊन पडून राहिलं!" उन्हात वाळलेली खळ काचेसारखी होते. हात लावला तर निसरडी, वाकवली तर मोडते. बोळीतल्या चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत होतं. मला तर होतंच.

काम उरकलं की माय चुलीपुढे बसवायची. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वर कच्चं तेल. संध्याकाळी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, टोपलीभर. टरफलांचा ढीग कोणाचा मोठा यावर माझं आणि दौलतचं भांडण. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, मिसरूड फुटलेला, पण शेंगांसाठी लहान पोरासारखा भांडायचा. माय म्हणायची, "काहून रे दौलत, लगन ठरलं तुहं, अन् लेकराच्या हातची शेंग ओढतं?" तो म्हणायचा, "लेकरू कुठं हाय वं माय, हे तर शेंगाचं पोतं हाय."

आणि थंडीची खरी मजा म्हणजे टेकडी. गावाबाहेर कोसभरावर एक बोडखी टेकडी आहे. तिची मावळतीकडची बाजू लांब, सारखी उतरती, कुसळी गवतानं भरलेली. पौषात हे गवत पिकून आडवं पडतं, सगळी टोकं उताराकडे, विंचरलेल्या केसांसारखी. सूर्य टेकडीच्या मागून येतो म्हणून ही बाजू सकाळी बराच वेळ सावलीत. रात्री पडलेलं दहिवर गवतावर तसंच राहतं, कधी कधी तर वर पांढरी साय धरलेली दिसायची. त्यावरून आम्ही घसरायचो. सागाची हातभर रुंद फळी, पुढचं टोक तासून वर वळवलेलं, बुडाला जवसाचं तेल चोळलेलं. पाय अडवायला एक पट्टी आणि धरायला दोरी. एकदा सुटलं की डोळ्यांतून पाणी, कान बधिर. सुख कशाला म्हणतात ते मला कोणी विचारलं तर मी आजही तेच सांगीन. लोक देवळात गेल्याचं सांगतात. मी टेकडीवर गेलो होतो.

थांबायची सोय टेकडीनंच केली होती. उताराच्या खालच्या अंगाला मोहाचं एक झाड. ऊन आधी पायथ्याला पोचायचं, त्यामुळे मोहाच्या खालचं दहिवर आधी वाळायचं आणि तिथलं कोरडं, खरबरीत गवत फळीला धरायचं. पंधरा-वीस पावलांत फळी आपोआप उभी. त्याच्याही खाली नाला होता, दगडांचा, पण तिथवर कधी कोणी गेलं नव्हतं. मध्येच भीती वाटली तर अंग एका बाजूला टाकून द्यायचं, फळी सुटून जायची, आपण गवतात लोळायचं. याला आम्ही सांडणं म्हणायचो. सांडलेल्याची पाळी बाद. संक्रांतीला आमच्या बोळीची आणि नदीपलीकडच्या पोरांची शर्यत लागायची, कोणाची फळी सगळ्यांत लांब जाते. जिथं थांबली तिथं राखेची रेघ. मग तिथंच गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, आणि पहिला रोडगा जिंकणाऱ्याला. पडल्यानं खरचटायचं, कुसळं मांड्यांत घुसायची, माय आठवडाभर काढत बसायची. पण कोणाचं हाड मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आणि मग एका वर्षी थंडी आलीच नाही. दिवाळी गेली, कार्तिक गेला, गोधड्या घडी घातलेल्याच राहिल्या. आम्हाला आधी मजा वाटली. मग हळूहळू गावाचा आवाज बदलला. आंब्याला भलत्याच वेळी मोहोर आला आणि गळून गेला. नदीवर दर साली येणारी बदकं आली नाहीत. गव्हाची ओंबी हातावर चोळली तर नुसतं फोलपट. सकाळी बोळीत ताणा लावला की अर्ध्या वाटेतच खळ वाळायची, आणि दिवसभर मागावर ताड्, ताड्, धागे तुटायचे. खट्-खटाकमध्ये अशा फटी पडल्या की घर दमेकऱ्यासारखं वाटायला लागलं. बा ताण्यापुढे उकिडवा बसून राहायचा. एक दिवस म्हणाला, "सूत काही तरी सांगून राहिलं. आपल्याले समजून नाही राहिलं." माय म्हणाली, "सूत काय सांगते? खाऊन घ्या." तो म्हणाला, "यंदा पोराईले टेकडीवर नोको जाऊ देऊ." का, ते त्यानं सांगितलं नाही. बहुतेक त्यालाही माहीत नसेल.

दौलत तरी गेला. मला घेऊन गेला. गवत पिवळं, ठणठणीत कोरडं, पायाखाली कुरकुरत होतं. फळी टाकली आणि बसला तर दहा हात जाऊन उभी राहिली. त्यानं दोनदा करून पाहिलं, मग फळीवर तसाच बसून राहिला. मागच्या साली नदीपलीकडच्या गणपतनं त्याला हरवलं होतं. उन्हाळ्यात दौलतचं लग्न व्हायचं होतं, त्यानंतर पोरांत घसरायला येणं शोभलं नसतं. ही त्याची शेवटची संक्रांत होती.

"दहिवर नाही तर शर्यत नाही," तो म्हणाला. "गणपत्या जिंकलेलाच राहीन जन्मभर."

मी म्हणालो, "दादा, खळ मारली तं?"

"कशाले?"

"गवताले. कुंच्यानं. अन् उन्हात वाळू द्यायची."

 तो असा हसला की मला अजून तो आवाज आठवतो. "नत्थ्या," म्हणाला, "तू शायेत जाऊन बिघडला नाहीस गा अजून."

आता मला हे लिहिताना वाटतं, हे दुसऱ्या कोणाला सुचलंच नसतं. शेतकऱ्याचं पोर म्हणालं असतं, यंदा गवत वाळलं, झालं. आम्हाला आडव्या पडलेल्या गवतात ताणा दिसला. बा जे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा, तेच आम्हाला पाहिजे होतं, उन्हात वाळून काच झालेली खळ. मला माझ्या डोक्याचा गर्व झाला. तो गर्व अजून गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. डोकं चांगलंच होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बा आणि माय शेजारगावी मयतीला गेले. आम्ही दोन घागरी खळ शिजवली आणि कावडीनं टेकडीवर नेली. भर दुपारी, घाम गाळत, पौष महिन्यात. वरून खाली येत दौलत एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं कुंचा मारत गेलो, अगदी बोळीत मारतो तसा, गवताच्या लवीच्या दिशेनं, हात न थांबवता. मागं पाहिलं तर पट्टा उन्हात वाळून झळकत होता. दोन-अडीच हात रुंद, वरपासून मोहापर्यंत. मोहाजवळ दौलतनं कुंचा झटकला.

"बस. याच्या खाली एक थेंब नोको. खालचं गवत धरलं पाहिजे."

"हो," मी म्हणालो.

मग तो घागर घेऊन पाण्यासाठी पलीकडच्या विहिरीवर गेला, कुंचे धुवायला. माझ्या घागरीत बरीच खळ उरली होती. मी विचार केला, गणपत मोहाच्या खाली वीस पावलं गेला होता. दौलत वीसच गेला तर? बरोबरी म्हणजे काही जिंकणं नाही. आणि उरलेली खळ घरी नेली तर माय विचारणार. मी मोहाच्या खाली उतरलो आणि मारत गेलो. घागर रिकामी होईपर्यंत मारत गेलो. दौलत आला तेव्हा मी मोहाखाली बसून कुसळं काढत होतो. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात माझा नातू मित्रांबरोबर हिमाचलात गेला होता, पायाला पट्ट्या बांधून बर्फावर घसरायला. आला तेव्हा मी विचारलं, कसं होतं? म्हणाला, "आबा, बर्फच नव्हता. डोंगर काळेभोर. मशीन लावून एक पट्टा पांढरा करून राहिले होते, दोन्हीकडे नुसती माती. त्याच्यावरच घसरलो. मजा आली पण." त्यानं मोबाइलवर दाखवलं. उघड्या डोंगरावर एक अरुंद पांढरा पट्टा, त्यावर रंगीत कपड्यातली पोरं. मी विचारलं, "पट्टा खाली कुठपर्यंत मारला होता?" त्याला वाटलं म्हातारा काहीतरी बरळतो. मी मोबाइल परत दिला, पण त्या दिवशी इथं नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात भाजी आणायला गेलो आणि भाजी न घेताच परत आलो.

संक्रांतीच्या सकाळी नदीपलीकडची पोरं आली तेव्हा वारा नव्हता. कोणाच्या अंगावर कांबळं नव्हतं. पायथ्याला गोवऱ्या रचलेल्या, पण पेटवायला हात धजत नव्हते, सगळं रान पेटेल असं वाटत होतं. गणपत गवताजवळ वाकला.

"हे काहून चमकून राहिलं गा?"

"दहिवर हाय," मी म्हणालो.

त्यानं बोट फिरवून नाकाशी नेलं. "दहिवराले जवसाचा वास येते काय रे तुमच्याकडे?"

आमची पोरं हसली. दौलत म्हणाला, "तुले नसंन जमत तं नोको बसू. मी आधी जातो. मी सांडलो तं पहिला रोडगा तुहा." गणपत उभा राहिला, हात झटकले. "जाय," म्हणाला. "पण मले हे चांगलं दिसून नाही राहिलं."

मी पायथ्याशी होतो, राखेची टोपली घेऊन. रेघ मी ओढणार होतो. दौलत फळीवर बसला, दोरी मनगटाला गुंडाळली, आणि वरच्या पोरांनी ढकललं. दहिवरावर फळी सरसरते. हिचा आवाज तसा नव्हता. कापड फाडताना येतो तसा एकसारखा आवाज, आणि वाढत जाणारा. मोहापर्यंत तो आला तेव्हा आमची पोरं नाचायला लागली होती. मोह मागं पडला. वीस पावलं मागं पडली. पोरं अजून नाचत होती. मला दिसलं की फळीचा वेग कमी होत नाही. मी ओरडलो, "सांड! दादा, सांड!" त्यानं टाचा टेकवल्या, त्या नुसत्या घसरत गेल्या. अंग बाजूला टाकायला वेळ होता. मी मनात मोजला आहे तो वेळ, हजारदा. त्यानं टाकलं नाही. फळी माझ्यापासून चार हातांवरून गेली आणि नाल्यात आदळली, आणि मागाचा दांडा मोडावा तसा आवाज झाला. तो दांडा नव्हता.

गणपत आणि त्याच्या पोरांनीच त्याला फळीवर घालून घरी आणलं. डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद आणि अंड्याचा लेप दिला. माय त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बा आला, पायाकडे पाहिलं, मग दौलतच्या धोतराला चिकटलेली एक पापडी काढून बोटांत चुरली.

"खळ उन्हात वाळवली?"

"हो," दौलत म्हणाला. "म्याच वाळवली. नत्थ्या लहान हाय."

 मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. जीभ टाळ्याला चिकटली असं लोक म्हणतात. माझी चिकटली नव्हती, चांगली सुटी होती. मी नाही बोललो.

पुढचे दीड-दोन महिने घरात एकच माग चालला. सगळ्यांचे कान दुसऱ्या मागाकडे. हाड बसेल, पोर आहे, बसेल, असं जो येई तो म्हणायचा. कामट्या सोडल्या तो दिवस मला पक्का आठवतो, कारण माघ संपत होता आणि दुपारी बोळीत कुत्री सावली शोधत होती. दौलत भिंत धरून मागापाशी आला, हातांवर भार देऊन खड्ड्यात उतरला. उजवी पावडी दाबली. धागे वर आले. धोटा गेला. मग डावी. पाय पावडीवर होता, पण पावडी हलली नाही. त्यानं दोन्ही हातांनी मांडी धरून दाबली. हलली, अर्धी. धोटा मध्ये अडकला. त्यानं पुन्हा केलं. त्याच्या मानेवर घाम आला. मायनं तोंडावर पदर घेतला. बानं स्वतःचा माग थांबवला आणि म्हणाला, "नत्थू, उतर खाली."

मी तेव्हा चौथीत होतो. दप्तर दाराच्या खुंटीला होतं. मी उतरलो. पावड्यांपर्यंत माझे पाय पुरत नव्हते, तर बानं खाली दोन विटा ठेवल्या. शाळेच्या मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला. लोक मला आजही विचारतात की शाळा का सोडली, आणि मी गरिबी म्हणतो. गरिबी होती, पण मी तिच्यामुळे सोडली नाही. दौलतचं ठरलेलं लग्न मोडलं, चार वर्षांनी दुसरं झालं. तो धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायचा, मागाच्या फण्या बांधायचा, खळ शिजवायचा. त्याच्यासारखी खळ बोळीत कोणाची नव्हती. त्या घरात टेकडीचं नाव पुन्हा निघालं नाही. थंडी पुढच्या वर्षी आली, चांगली आली. मग एखाद्या वर्षी नाही आली, मग आली. मग अशी वर्षं आली की सुताकडे बोट न्यायची गरजच उरली नाही, कारण मागच बंद झाले आणि मी नागपूरला निघून आलो.

या पौषात मी खाप्याला गेलो. लेक म्हणाला, गाडी करून देतो. मी एसटीनं गेलो. दौलत पडवीत बाजेवर बसला होता, नुसत्या बनियनवर, दुपारचा घाम पुसत. तो आता माझ्यापेक्षा बारीक दिसतो. सुनेनं पाणी दिलं, चहा दिला, आत गेली. मी म्हणालो, "दादा, मोहाच्या खाली खळ म्या मारली होती."

त्यानं बशी खाली ठेवली. "मालूम हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोणी काहून सांगन? वरून दिसत होतं ना गा. बसलो तवाच दिसलं. पट्टा मोहापाशी थांबला नव्हता, पार नाल्यापर्यंत चमकून राहिला होता."

माझा चहा हातातच राहिला. "मंग बसला काहून? सांडला काहून नाहीस? मी ओरडलो ना!"

"आयकू आलं." त्यानं समोरच्या उन्हाकडे पाहिलं. "पाळी बाद झाली असती."

इतकी वर्षं मी ते ओझं एकट्यानं वाहिलं, आणि त्याला सगळं माहीत होतं. माझं मन हलकं झालं असं कोणी समजू नये. मला राग आला. मला त्या बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. दिसत होतं तर उतरायचं होतं! पण मी कोणाला सांगणार? दिसत तर मलाही होतं, कुंचा माझ्याच हातात होता.

मग त्यानं विचारलं, हळूच, आत सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "नत्थ्या, किती गेलो होतो गा मी? कोणी सांगितलंच नाही मले."

कोणी सांगितलं नाही, कारण त्या दिवशी कोणी मोजलंच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन मोजलं होतं, आणि ते मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मोहाच्या खाली एक्क्याण्णव पावलं," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. सुरकुत्यांच्या आत कुठंतरी त्याचा चेहरा उजळला, आणि ते पाहून, त्या उकाड्यात, माझ्या अंगावर काटा आला.